सूड कुणाला परवडतो?

टाळ्या कुठं पडल्या ते आधी सांगतो, म्हणजे हे लिहायची गरज का पडली ते कळेल. किडनीचोरांच्या अड्ड्यात शिरून तो मुका पोरगा बॅटीनं एकेकाला आडवा करतो, तिथं हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या, बाकांवर थापा. पेंग नावाचा कामावरून काढलेला कामगार मालकाच्या गाडीसमोर स्वतःच्या पोटावर ब्लेड ओढतो, तिथं चिडीचूप. आणि त्याच पेंगचं अख्खं घरदार विष खाऊन पडलेलं दिसतं, तिथं दोघंतिघं उठून पाणी प्यायला गेले.

बाहेर आल्यावर एक मित्र म्हणाला, असाच पिक्चर आपल्यावर निघाला पाहिजे, एकेकाला उभा चिरायचा. त्यालाही टाळ्या पडल्या. मित्र चांगला कार्यकर्ता आहे, मोर्चात पुढं असतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला त्या टाळ्यांबद्दल बोलायचंय.

कार्यक्रम वसतिगृहाच्या पोरांनी वर्गणी काढून केला होता. भिंतीला चादर, उसना प्रोजेक्टर. आधी तीन छोटे कवितापट, मग हा मोठा सूडपट. पाट्या सगळ्या इंग्रजी. पुढच्या रांगेतली एक पोरगी त्या वाचून मोठ्यानं मराठीत सांगत होती. 'बॉस' आला की ती 'शेठ' म्हणायची आणि दर वेळी हॉल हसायचा. तिच्यामुळं ज्यांना इंग्रजीचा गंध नाही तेही शेवटपर्यंत बसले, हे आधी नोंदवून ठेवतो. आपल्याकडचे फिल्म सोसायटीवाले एवढी तोशीस कधी घेत नाहीत. कळलं तर बघा नाहीतर घरी जा, असा त्यांचा खाक्या.

कवितापटांत पहिला 'नाईट मेल', १९३६ सालचा, ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म विभागानं काढलेला. लंडनहून रात्रीची टपालगाडी स्कॉटलंडला जाते, तिची हकिगत. शेवटच्या दोनतीन मिनिटांत डब्ल्यू. एच. ऑडेनची कविता आगगाडीच्या तालावर सुरू होते आणि संगीत बेंजामिन ब्रिटनचं. जाणकार मंडळी या फिल्मवर फार खूश असतात. ताल झकास आहे, नाही म्हणत नाही. पण टपाल लावणारे कामगार जे दिसतात ते खरे टपाल कामगार, आणि तो डबा खोटा. स्टुडिओत उभा केलेला. डबा हलत नव्हता म्हणून कामगारांना सांगितलं, तुम्हीच डुला. ते डुलले. मग कवी आला आणि त्या डुलण्यावर कविता रचून गेला. रात्रभर पत्रं लावून त्या माणसाचे पाय किती दुखतात ते ना कविता सांगते ना कॅमेरा. कामगाराच्या पाठीवर बसून कविता करायची ही जुनी खोड आहे. आपल्याकडच्या जुन्या ग्रामीण कवितेत नांगरणारा असाच डुलायचा.

दुसरा क्युबाचा. सान्तियागो आल्वारेसचा 'नाऊ', १९६५ सालचा, जेमतेम सहा मिनिटांचा. अमेरिकेच्या नाकेबंदीमुळं क्युबात कच्च्या फिल्मपासून सगळ्याचीच टंचाई. आल्वारेसनं अमेरिकन मासिकांतले फोटो घेतले, इकडून तिकडून मिळवलेली बातमीपटांची तुकडी घेतली आणि लीना हॉर्न या काळ्या गायिकेच्या गाण्यावर ती जोडली. कुत्री अंगावर सोडलेली, दंडुके, जमिनीवर लोळवलेली माणसं, पोरांचे डोळे. हक्क हवाय तो आत्ता, एवढंच ते गाणं मागतं. शेवटी गोळ्यांच्या भोकांनी शीर्षकाचा तो शब्द पडद्यावर उमटतो. याला कवितापट म्हणायचं की गाण्याची फिल्म, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला त्यातलं कात्री आणि डिंक दिसतं. आपण स्टेन्सिल कापून, शाईनं हात काळे करून जे करतो, त्याच जातीचं काम. पैसा नाही, यंत्र नाही, शत्रूच्याच मासिकातला फोटो कापायचा आणि त्याच्यावर उलटवायचा.

तिसऱ्यानं मात्र मला जागेवर खिळवलं. फरोग फरोखजाद या इराणी कवयित्रीची 'घर काळं आहे', १९६२ साली तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बारा दिवसांत घेतलेली. बावीसेक मिनिटं. फरोग तेव्हा अजून तिशीच्या आत होती. १९६७ साली मोटार अपघातात गेली तेव्हा बत्तीस वर्षांची. तिनं काढलेली फिल्म ही एवढीच.

या फिल्ममध्ये दोन आवाज आहेत. एक पुरुषाचा, कोरडा: हा रोग बरा होतो, गरिबी असते तिथं तो असतो. माहिती म्हणून एकदम ठीक. दुसरा आवाज फरोगचा स्वतःचा, तिच्या ओळी आणि जुन्या करारातली वचनं मिसळून म्हणणारा. कॅमेरा झडलेल्या बोटांवर, बसलेल्या नाकांवर थांबतो आणि हलत नाही. एक बाई डोळ्यात काजळ घालते. नमाजात माणसं देवाचे आभार मानतात, त्यानं हात दिले म्हणून, आणि जे हात वर होतात त्यांना बोटं नाहीत. च्यायला, यावर वेगळी टीका कशाला लिहायची.

मग शाळा येते. गुरुजी विचारतात, आईबाप दिल्याबद्दल देवाचे आभार का मानायचे? पोरगं म्हणतं, मला काय माहीत, मला दोन्ही नाहीत. चार कुरूप वस्तूंची नावं सांग म्हटल्यावर दुसरं पोरगं सांगतं: हात, पाय, डोकं. आणि पोरं हसतात! हे हसणं दया करणाऱ्याच्या कॅमेऱ्यात कधी सापडत नाही. शेवटी एका मोठ्या माणसाला फळ्यावर 'घर' शब्द घेऊन वाक्य लिहायला सांगतात. तो बराच वेळ थांबतो आणि जे लिहितो ते फिल्मचं नाव.

ही पाहताना 'बहिष्कृत' हा शब्द आपोआप डोक्यात येतो. चर्चेत एकानं लगेच म्हटलंही, हे आपलंच. मी इथं हात आखडता घेईन. कुष्ठरोग अंगात असतो आणि औषधानं जातो, ते त्या फिल्ममधला पुरुषी आवाजच सांगतो. अस्पृश्याच्या अंगात काहीच नव्हतं. रोग शिवून न घेणाऱ्याच्या डोक्यात होता आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच्या अंगाला. तेव्हा उपमा जपून वापरा, नाहीतर उद्या आपलीच वस्ती दवाखाना ठरेल आणि डॉक्टर व्हायला सगळे तयार असतील. फरोगकडून शिकायचं ते वेगळं. ती बारा दिवस त्यांच्यात राहिली, तिथल्या एका पोराला पुढं आपल्या घरी वाढवायला घेऊन गेली, आणि फिल्ममध्ये स्वतःबद्दल एक शब्द बोलली नाही. 

आता पिक्चर. पार्क चान-वुकचा, दक्षिण कोरियातला, २००२ सालचा. इंग्रजीत 'सिंपथी फॉर मिस्टर व्हेंजन्स'. कोरियन नावाचा अर्थ 'सूड माझा' असा, त्याला बायबलचा वास आहे. बायबलात सुडाचा हक्क देव स्वतःकडं राखून ठेवतो. पार्कच्या पिक्चरमध्ये देव रजेवर आहे. याच पार्कचे पुढचे 'ओल्डबॉय' (२००३) आणि 'लेडी व्हेंजन्स' (२००५), तिन्ही मिळून त्याची सूडमालिका. 'ओल्डबॉय'ला २००४ साली कान महोत्सवात दोन नंबरचं मोठं बक्षीस मिळालं आणि जगभर नाव झालं. हा पहिला मात्र त्याच्याच देशात पडला. पडणारच. यात मजा करायला जागा नाही, आणि तरी आमच्या पोरांनी ती शोधली.

गोष्ट अशी. र्‍यू हा बहिरा-मुका कामगार, डोक्याचे केस हिरवे रंगवलेले. चित्रकला शिकायला जाणार होता, बहिणीच्या आजारपणासाठी शिक्षण सोडून कारखान्यात लागला. तिला किडनी हवी, याची जुळत नाही. मग नोकरी जाते. हिशेबाचे एक कोटी वॉन हातात पडतात. ते पैसे आणि वर स्वतःची किडनी, असं दोन्ही तो अवयवांच्या चोरट्या व्यापाऱ्यांना देतो, बदल्यात बहिणीला जुळणारी किडनी मिळणार म्हणून. शुद्धीवर येतो तो एका पडक्या इमारतीत, नागडा. किडनी गेली, पैसे गेले, व्यापारी गेले. पुढं तीन आठवड्यांत इस्पितळातून निरोप: किडनी मिळाली, ऑपरेशनचे एक कोटी वॉन भरा.

इथं आमच्या हॉलमध्ये कुणीतरी "अरे साला!" म्हणालं. पिक्चरमधली सगळ्यात भयंकर मारामारी मला वाटतं ही. यात रक्त नाही, फक्त एक आकडा दोनदा येतो.

र्‍यूची मैत्रीण योंग-मी. क्रांतीची पत्रकं वाटणारी, अमेरिकन फौज हटवा, बड्या भांडवलदारांची घराणी मोडा म्हणणारी. ती म्हणते, मालकाचं पोर पळवू. चांगलं अपहरण असतं तसं वाईट अपहरण असतं, आपण चांगलं करू, पोर परत देऊ. डोंग-जिन या कारखानदाराची लहान मुलगी ते आणतात. ती रमते, र्‍यूच्या बहिणीशी खेळते. मग बहिणीला खरा प्रकार कळतो आणि ती जीव देते. र्‍यू तिला लहानपणीच्या नदीकाठी पुरायला नेतो, बरोबर ती मुलगी. मुलगी पाण्यात पडते, ओरडते, आणि र्‍यूला ऐकू येत नाही. त्यानंतर बाप सुडाला निघतो. र्‍यू वेगळ्या सुडाला निघतो, किडनीवाल्यांच्या. दोघांच्या वाटा शेवटी त्याच नदीत मिळतात.

आता नीट बघा कुणाला काय मिळालं. मालकाला दुःख मिळालं. मुलीचं शवविच्छेदन त्याच्यासमोर होतं, कॅमेरा मुलीकडं न जाता त्याच्या चेहऱ्यावर राहतो. साँग कांग-होसारखा कसलेला नट. भिजलेली मुलगी रात्री त्याला भेटायला येते, गळ्यात पडते. पेंगच्या पोरांची भुतं कुणाला भेटायला येत नाहीत. त्या घरातलं एक पोर अजून धुगधुगत असतं, मालक स्वतः त्याला उचलून इस्पितळात नेतो, तेवढा माणूस तो आहे. पुढं इस्पितळातून फोन येतो की पोर गेलं. तेव्हा मालकाचं लक्ष दुसरीकडंच आहे.

पार्क हे मुद्दाम करतो की त्याच्याकडून होतं? मला वाटतं, मुद्दाम. पेंगला त्यानं पिक्चरमध्ये ठेवलंय ते आपण त्याला विसरतो की नाही ते बघायला. आणि आम्ही विसरलो, पाणी प्यायला गेलो. पण हाच पार्क योंग-मीच्या बाबतीत मला माफ करण्यासारखा वाटत नाही. मालक तिला खुर्चीला बांधून विजेचे झटके देतो आणि तो प्रसंग लांबत जातो, लांबत जातो. चर्चेत आमची एक बहीण उठून म्हणाली, पेंगचं घरदार एका झटक्यात उरकलं आणि पोरीला झटके देताना घड्याळ थांबलं, हे कसं काय? यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. र्‍यूच्या बहिणीला तर नावसुद्धा नाही. ती वेदनेनं कण्हते, भिंतीपलीकडची पोरं ते भलतंच समजून चेकाळतात, आणि भाऊ तिकडं पाठ करून नूडल खात बसलेला, कारण त्याला ऐकू येत नाही. हा प्रसंग पार्कच्या दहा मारामाऱ्यांना भारी आहे. एका खोलीत बाई मरतेय आणि तिचा आवाज प्रत्येकाच्या कानात वेगळा पडतो.

कोरियाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर हे नुसतं रक्तारक्तीचं वाटेल. १९९७ च्या शेवटी त्या देशाची तिजोरी रिकामी झाली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकारानं सुमारे ५८ अब्ज डॉलरचं कर्ज ठरलं. त्याच्या अटी आल्या. १९९८ च्या फेब्रुवारीत कामगारांना घाऊक काढायची मोकळीक देणारा कायदा झाला. त्याच सुमाराला लोकांनी देश वाचवायला घरातलं सोनं दिलं, बारशाच्या अंगठ्यासुद्धा, मिळून दोनशे टनांच्या वर. सोनं देणाऱ्यांतलेच कितीतरी पुढं रस्त्यावर आले. पेंग आणि र्‍यू त्या रस्त्यावरचे.

आणि पेंगचं पोट कापून घेणं हे पार्कच्या डोक्यातून एकदम उगवलेलं नाही. १३ नोव्हेंबर १९७० ला सोलच्या कापड बाजारात चॉन थे-इल या बावीस वर्षांच्या शिंपी कामगारानं स्वतःला पेटवून घेतलं. त्याआधी त्यानं कामगार कायद्याचं पुस्तक शोधून वाचलं होतं, कोंदट माळ्यांवर चौदा-पंधरा तास शिवणाऱ्या पोरींची पाहणी करून सरकारदरबारी अर्ज दिले होते. कायदा पुस्तकात होता, माळ्यावर नव्हता. म्हणून त्यानं आणि दोस्तांनी त्या पुस्तकाचीच होळी करायचं ठरवलं. पोलिसांनी अडवलं, तेव्हा तो स्वतःच पेटला. कोरियाची कामगार चळवळ त्या दिवसापासून मोजतात, आणि त्याची आई पुढं चाळीस वर्षं त्या चळवळीत राहिली.

आपण पुस्तक जाळणाऱ्यांचे वारस. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती गुलामीचा कायदा म्हणून. चॉन थे-इलनं जाळायला घेतला तो स्वतःच्या बाजूचा कायदा, न पाळला जाणारा. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. १९५३ साली राज्यसभेत बाबासाहेब घटनेबद्दल काय बोलले होते ते ज्यांनी वाचलं असेल त्यांना हा राग ओळखीचा वाटेल.

अजून एक गोष्ट त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती. कोरियातही बेकचोंग नावाची बहिष्कृत जमात होती. खाटीकपणा, कातडी, वेताचं काम. वस्ती गावाबाहेर, पेहरावावर बंधनं. १८९४ साली कागदावर सुटका झाली, माणसांत नाही. पोरांना शाळेत घेईनात. मग एप्रिल १९२३ मध्ये चिंजू गावी त्यांनी ह्योंगप्योंगसा ही संघटना काढली. नावातच तराजू आहे, खाटकाच्या हातातला, ज्याची दांडी समान राहिली पाहिजे. आपल्या महाडच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. पार्कच्या पिक्चरमध्ये बेकचोंग नाहीत, ओढूनताणून शोधू नका. पण 'कोरिया म्हणजे मारामारीचे पिक्चर' एवढंच डोक्यात ठेवून घरी जाऊ नका.

कार्यक्रम करणाऱ्यांना एक सांगणं. तीन कवितापट दाखवले, त्यात कोरियाचा एकही नाही. पार्क नो-हे हा कामगार, त्याचा 'श्रमाची पहाट' हा संग्रह १९८४ साली आला. सरकारनं बंदी घातली, तरी लाखांनी खपला. कवी कोण ते कितीतरी वर्षं कुणाला माहीत नव्हतं, कारण ते टोपणनाव आहे. १९९१ मध्ये पकडला, जन्मठेप झाली, १९९८ मध्ये सुटला. 'नाईट मेल'च्या जागी या माणसाच्या दोन कविता नुसत्या वाचल्या असत्या, अंधारात, पडद्यावर काही न दाखवता, तर पुढचा पिक्चर वेगळा दिसला असता.

आता त्या मित्राकडं येतो. एकेकाला उभा चिरायचा पिक्चर आपल्यावर पाहिजे. ठीक. पार्कच्या पिक्चरमध्ये सूड घ्यायला काय काय लागतं ते मोजू. मालकाला मोटार लागते, रिकामे दिवस लागतात, पोलिसातली ओळख लागते, विजेची माहिती लागते, आणि ज्याला मारायचं त्याच्या घरात तासन्‌तास बसून राहण्याची निश्चिंती लागते. हे सगळं त्याच्याकडं आहे. र्‍यूकडं काहीच नाही, म्हणून त्याचा सूड मालकापर्यंत पोचतच नाही. तो किडनीवाल्यांवर थांबतो, आपल्याइतक्याच सडलेल्या चार माणसांवर. ज्या ऑफिसातून त्याची नोकरी गेली तिथं त्याची बॅट जात नाही. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या त्या नेमक्या त्या बॅटीला.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. मागं राहिले भैयालाल भोतमांगे. बायको आणि तीन लेकरं गेलेला हा बाप कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांवर आणली, आणि जातीवरून झालेला अत्याचार म्हणून तो कुठल्याच कोर्टात धरला गेला नाही. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल गेले. त्यांच्यावर सूडपट काढता येत नाही. काढलात तर तो खोटा होईल, कारण त्यांनी बॅट उचलली असती तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या वस्त्या पेटल्या असत्या ते तुम्हाला मला माहीत आहे. मालकाचा सूड त्याच्या एकट्याच्या नावावर चढतो. आपला अख्ख्या वस्तीच्या नावावर. फरोगसारखं बारा दिवस त्या घरासमोर बसून कुणी फिल्म केली असती, त्या माणसाच्या हातातल्या कागदांची पिशवी नुसती दाखवली असती, तर मी त्या पिक्चरला दहा वेळा गेलो असतो.

याचा अर्थ राग गिळा असा काढू नका. पार्कचा पिक्चर मला आवडला तो त्यातल्या रागामुळंच, आणि तो राग कुठं वाया जातो ते तो लपवत नाही म्हणून. शेवटी नदीत उभं राहून मालक र्‍यूला सांगतो, तू चांगला माणूस आहेस हे मला माहीत आहे, तरी मला तुला मारणं भाग आहे. आणि पाण्याखाली त्याच्या टाचांच्या शिरा कापतो. हॉलमध्ये तोवर टाळ्या बंद झाल्या होत्या.

राहिली योंग-मी. सगळा पिक्चरभर तिची चेष्टा चालते. संघटना संघटना म्हणते आणि दिसते एकटी, पत्रकं हातात घेऊन. आपल्या पोरांनाही ती बघून हसू येत होतं, तेही स्वतः काल स्टँडवर पत्रकं वाटून आलेली. मरताना ती मालकाला सांगते, माझे लोक तुला सोडणार नाहीत. मालक मनावर घेत नाही, आपणही घेत नाही. मग अगदी शेवटी, नदीकाठी, काही माणसं गाडीतून उतरतात. एक शब्द न बोलता त्याला भोसकतात आणि निकालाचा कागद त्याच्या छातीवर चाकूनं ठोकून निघून जातात. हा शेवट मला पटला नाही. मुख्य म्हणजे ती माणसं कोण, कुठं राहतात, काय खातात, ते पार्कला ठाऊकच नाही. संघटना म्हटलं की त्याला एवढंच सुचतं, गाडी आणि चाकू. पण त्यातला एक तुकडा डोळ्यांपुढून हलत नाही. कारखानदार गुडघ्यांवर कोसळलेला, मान वाकवून, छातीवरचा तो कागद वाचायची धडपड करतो. अक्षरं त्याच्या बाजूनं उलटी आहेत. आयुष्यात पहिल्यांदा तो पत्रक वाचायला बघतोय, आणि ते त्याला लागत नाही.